परकीय गुंतवणूक आणि आपलं नाशिक: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दिवसा मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांचे हिशेब पाहतो आणि संध्याकाळी सिडकोत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवतो. त्यामुळे एकाच विषयावर दोन तऱ्हेचे प्रश्न येतात. मुलं विचारतात, "सर, एफडीआयची व्याख्या सांगा." कारखानदार विचारतात, "साहेब, जर्मन गिऱ्हाईक आलंय, पैसे वेळेवर देईल का?" दिंडोरीकडचे पाहुणे भेटले की जमिनीचं काढतात. हे प्रश्न जसे कानावर आले तसेच खाली घेतले आहेत.

परकीय गुंतवणूक म्हणजे नेमकं काय? शेअर बाजारात येणारा पैसाही त्यातच धरायचा का?

धरतात, पण खातं वेगळं. शेअर बाजारात नोंदलेल्या भारतीय कंपनीचे १० टक्के किंवा त्याहून जास्त शेअर परदेशी गुंतवणूकदाराने घेतले की ती थेट परकीय गुंतवणूक, म्हणजे एफडीआय. त्याहून कमी असेल तर पोर्टफोलिओ गुंतवणूक, एफपीआय. कंपनी बाजारात नोंदलेली नसेल तर टक्केवारी कितीही असो, ती थेटच धरली जाते.

व्याख्या परीक्षेपुरती. खरा फरक द्राक्षवाल्याला लगेच कळतो. बाग लावणारा पैसा घालतो आणि बागेचा माल घेणारा व्यापारीही पैसा घालतो. ऐन फुलोऱ्यात अवकाळी झाला तर व्यापारी दुसऱ्या गावची बाग बघायला निघतो. ज्याने मांडव उभा केला तो कुठे जाणार? १९९७ मध्ये थायलंडचं चलन कोसळलं तेव्हा हेच दिसलं. बँकांची अल्प मुदतीची कर्जं आणि शेअर बाजारातला पैसा आधी पळाला, कारखान्यांत रुतलेला पैसा बराचसा जागेवर राहिला.

नाशिकमध्ये ही गुंतवणूक दिसते कुठे?

सातपूरपासून सुरुवात करा. मायकोचा कारखाना इथे १९७० च्या आसपास उभा राहिला. डिझेल इंजिनाचे नोझल, इंजेक्टर. कंपनीत सुमारे ७० टक्के हिस्सा जर्मनीच्या बॉशचा. २००८ मध्ये कंपनीने नाव बदलून बॉश केलं, पण मायको सर्कल अजून मायको सर्कलच आहे आणि रिक्षावाल्याला दुसरं नाव सांगून बघा, तो तुमच्याकडेच बघत राहील. सातपूरलाच एबीबी, अंबडला ग्लॅक्सो, गोंद्याला सॅमसोनाइटच्या बॅगा. दिंडोरी भागात फ्रान्सच्या मोएत हेनेसीची शॅन्डॉन वायनरी.

तयार कारखाना विकत घेतला तरी ती गुंतवणूकच का? नवीन तर काहीच उभं राहत नाही.

कागदोपत्री गुंतवणूकच. इगतपुरी तालुक्यात गोंदे-वाडीवऱ्हे पट्ट्यात ट्रान्सफॉर्मरला लागणारं खास विद्युत पोलाद बनवणारा कारखाना आहे. आधी तो रेमंडचा होता, मग जर्मनीच्या थायसेनक्रुपकडे गेला आणि २०२५ मध्ये जेएसडब्ल्यू आणि जपानची जेएफई यांच्या संयुक्त कंपनीने घेतला. पाट्या तीन, शेड तीच. अशा व्यवहारात पहिल्या दिवशी एकही नवी नोकरी तयार होत नाही. पैसा जुन्या मालकाच्या खिशात जातो. नवा मालक पुढे यंत्रं वाढवतो का, हे पाच वर्षांनी बघायचं.

एचएएलचा ओझरचा विमान कारखाना हे परकीय गुंतवणुकीचं उदाहरण म्हणून लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. १९६४ मध्ये सोव्हिएत संघाच्या मदतीने मिग विमानांसाठी तो कारखाना निघाला. तंत्रज्ञान परकीय, मालकी भारत सरकारची. पण उदाहरण जपून ठेवा, कारण ज्ञान आणायला दर वेळी मालकी द्यावी लागत नाही हे ओझरला उघड्या डोळ्यांनी दिसतं.

दरवर्षी 'विक्रमी गुंतवणूक' अशी बातमी येते. तो पैसा जातो कुठे?

बातमीत आवक असते, जावक नसते. २०२४-२५ मध्ये भारतात सुमारे ८१ अब्ज डॉलरची थेट परकीय गुंतवणूक आली. राज्यांत महाराष्ट्र पहिला. हे खरं आहे. पण त्याच वर्षी निव्वळ आकडा रिझर्व्ह बँकेच्या हिशेबात जेमतेम ०.४ अब्ज डॉलर उरला, हेही खरं आहे.

मधला पैसा कुणी खाल्ला नाही. आधी आलेल्या गुंतवणूकदारांनी आपले हिस्से विकून पैसे मायदेशी नेले, आणि भारतीय कंपन्यांनी स्वतः परदेशात गुंतवणूक केली. ऑक्टोबर २०२४ मधला ह्युंदाईचा आयपीओ, म्हणजे लोकांना पहिल्यांदा केलेली शेअरविक्री, आठवा: सुमारे २७,८७० कोटी रुपये गोळा झाले आणि ते सगळे कोरियातल्या मूळ कंपनीकडे गेले, कारण तिनेच स्वतःचे शेअर विकले होते. यात पाप काही नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी झाड लावणारा फळ तोडणारच.

आमच्या गावाकडे पावसाळ्यानंतर विचारतात ते मला इथे बरं वाटतं: पाऊस किती पडला ते राहू द्या, विहिरीला पाणी आलं का? नाल्याला पूर येऊन गेला तरी विहीर कोरडी असू शकते. परकीय पैशाचंही तसंच, मुरलं किती ते बघायचं.

मुरतं म्हणजे काय? कशात मुरतं?

माणसांच्या हातात आणि आसपासच्या लहान कारखान्यांत. अंबडमधल्या माझ्या एका गिऱ्हाइकाचं सांगतो. मालक पूर्वी एका मोठ्या परदेशी कंपनीच्या टूलरूममध्ये होते. व्हीआरएसच्या, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीच्या, पैशातून एक जुनं लेथ आणि भाड्याची शेड. आज संगणकावर चालणारी तीन यंत्रं (दोन सीएनसी, एक व्हीएमसी), अकरा माणसं. शेडमध्ये शिरलं की डाव्या हाताला लाल क्रेट, त्यात नापास झालेला माल. प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी: कुठल्या शिफ्टचा, कुठल्या यंत्राचा, चूक काय. पूर्वी शेकड्याला दोन-चार नग गेले तर कुणी डोळे वर करत नसे. आता गिऱ्हाईक दहा लाखांत किती नापास हे मोजतं. जर्मनीहून ऑडिटला माणूस आला तेव्हा त्याने यंत्राकडे नंतर पाहिलं, आधी तो लाल क्रेट रिकामा करून जमिनीवर मांडला. ऑपरेटर पोरगा मला म्हणाला, "साहेब, आता घरी भाकरीपण गेज लावून बघावीशी वाटते."

हे जे त्या पोराच्या डोक्यात शिरलं ते कंपनीला परत नेता येत नाही. यालाच मुरणं म्हणतो. बांगलादेशाचं कपड्याचं उदाहरण यातलं गाजलेलं. १९७९ मध्ये तिथल्या देश नावाच्या कंपनीने कोरियाच्या देवूशी करार केला आणि १३० माणसं शिकायला कोरियात पाठवली. पुढच्या काही वर्षांत त्यातली ११५ सोडून गेली. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. देश कंपनीचं नुकसान झालं असेल, देशाचा तयार कपड्यांचा धंदा मात्र तिथून उठला.

पण हे आपोआप होतं अशा भ्रमात राहू नका. व्हेनेझुएलातल्या कारखान्यांचा आकडेवारीनिशी अभ्यास झाला, १९९९ मध्ये छापून आला. परदेशी कंपन्या आल्यावर त्याच धंद्यातल्या देशी कारखान्यांची उत्पादकता घटली होती, कारण गिऱ्हाईकं तिकडे गेली. लिथुआनियाच्या २००४ मधल्या अभ्यासात दुसरी बाजू निघाली: फायदा झाला तो परदेशी कंपनीला माल पुरवणाऱ्यांचा. म्हणजे स्पर्धक मार खातो आणि पुरवठादार शिकतो. नाशिकचे बहुतेक लहान उद्योग पुरवठादार आहेत, हे आपलं नशीब.

मारुतीचं उदाहरण इथेच बसतं. १९८२ मध्ये सुझुकीने २६ टक्के हिस्सा घेतला, पण सुटे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवायचे ही सरकारची अट होती. पुरवठादारांची अख्खी पिढी त्या अटीतून घडली.

पुरवठादार शिकतो म्हणता, पण पैसे वेळेवर मिळतात का?

दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे. वेळेत दिले नाहीत तर देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. तरी माझ्या एका गिऱ्हाइकाला एका नावाजलेल्या कंपनीकडून ११० व्या दिवशी पैसे आले. रोज फोन, रोज एकच उत्तर, "सिस्टीममध्ये आहे." दरम्यान त्याने पगारासाठी बायकोचे दागिने बँकेत ठेवले. गुणवत्तेची शिस्त मायदेशातून आणतात, पैसे द्यायची शिस्त मात्र विमानात विसरतात.

रोजगार तर वाढतात ना?

वाढतात, पण भाषणात सांगतात तेवढे नाहीत. आणि कसले, हे विचारायला हवं. परदेशी कंपन्या सरासरीने देशी कंपन्यांपेक्षा बरा पगार देतात, हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत आढळलं आहे. सातपूरच्या कामगारांची एक पिढी याची साक्षीदार आहे. खानदेशातून, कसमादेतून (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पत्र्याची पेटी घेऊन आलेली माणसं परमनंट झाली, सिडकोत घर झालं, पोरं इंजिनीअर झाली. मुलीही शिकल्या. सामाजिक विकास म्हणून पुस्तकात जे धडे असतात ते मी त्या गल्ल्यांत चालताना पाहिले आहेत.

आता तो दरवाजा अरुंद झालाय. यंत्रं माणसं कमी मागतात, आणि जी लागतात ती ठेकेदारामार्फत किंवा ट्रेनी म्हणून. एकाच लाइनवर दोघं शेजारी उभे असतात, काम तेच, एकाचा पगार दुसऱ्याच्या तिप्पट. हे देशी कंपन्यांतही आहे, त्यामुळे सगळं खापर परकीय भांडवलावर फोडता येणार नाही. पण ज्या कंपन्या स्वतःच्या देशात कामगार संघटनेशी सन्मानाने बोलतात त्या इथे आल्या की इथलीच रीत पटकन शिकतात, हेही मी नोंदवून ठेवतो.

गरीब देशाला तर पैशाचीच गरज असते. मग सगळीकडे सारखाच फायदा का होत नाही?

१९९८ मध्ये बोरेन्स्टाइन, दे ग्रेगोरिओ आणि ली या तीन अर्थतज्ज्ञांनी ६९ विकसनशील देशांची आकडेवारी तपासली. शिक्षण एका किमान पातळीच्या वर असेल तरच परकीय गुंतवणुकीने वाढीला जोर मिळतो, असं निघालं. जमीन कातळाची असेल तर पाऊस वाहून जाणारच. म्हणून एखाद्या जिल्ह्यात गुंतवणूक टिकेल का हे बघायचं तर मी तिथल्या आयटीआयमध्ये जाईन आणि मुलं ज्या यंत्रावर शिकतात ते किती सालचं आहे ते विचारीन.

नफा तर शेवटी बाहेरच जातो ना?

जातो, दोन दारांनी. लाभांश हे पुढचं दार, त्यावर कर भरून जातो. रॉयल्टी आणि तंत्रज्ञान शुल्क हे मागचं. ते खर्च म्हणून दाखवलं जातं, त्यामुळे इथला नफाच कमी दिसतो. २००९ च्या अखेरीपर्यंत सरकारी परवानगीशिवाय देशातल्या विक्रीवर ५ टक्के आणि निर्यातीवर ८ टक्के एवढीच रॉयल्टी देता येत असे. मग ती मर्यादा काढली. मला विचाराल तर ती थोडी चिमटीत ठेवायला हवी होती.

याहून वाईट म्हणजे करारच कच्चा असणं. झांबियाने तांब्याच्या खाणी परदेशी कंपन्यांना विकताना काही करारांत रॉयल्टी फक्त ०.६ टक्के ठरवली. पुढे तांब्याचे भाव आभाळाला भिडले आणि सरकार बोटं मोजत बसलं. शेजारच्या बोत्स्वानाने हिऱ्यांच्या धंद्यात डी बीअर्सबरोबर निम्मी भागीदारी मिळवली आणि त्या उत्पन्नातून शाळा, रस्ते, दवाखाने केले. परकीय कंपन्या दोन्हीकडे होत्या. टेबलाच्या अलीकडे बसलेला माणूस तयारीचा होता की नव्हता, एवढाच फरक.

परदेशी कंपनी माझी शेतजमीन विकत घेऊ शकते का?

नाही. परकीय चलन कायद्याने परदेशी व्यक्तीला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, अनिवासी भारतीयालाही नाही. वारशाने मात्र येऊ शकते. शिवाय महाराष्ट्राच्या कूळकायद्याने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायची तर परवानगी लागते. फळबागा, फुलशेती, नियंत्रित वातावरणातला भाजीपाला अशा ठरावीक कामांत परकीय भांडवल चालतं.

कंपनी येते ती करार घेऊन. वाइनच्या द्राक्षांचे करार दिंडोरीत नवे नाहीत. सही करण्याआधी एकच कलम दोनदा वाचा: साखरेचा अंश ठरल्यापेक्षा कमी भरला तर भाव किती कापणार आणि मोजणार कोण.

शेतकऱ्यांच्या कंपनीत परकीय पैसा कसा येतो? सह्याद्रीत आला म्हणतात.

आला, आणि कसा आला ते शिकण्यासारखं आहे. शेतकरी उत्पादक कंपनीचे शेअर कायद्याने उत्पादकांनाच घेता येतात. मग मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने काढणीपश्चात कामासाठी वेगळी उपकंपनी केली आणि २०२२ मध्ये त्या उपकंपनीत युरोपातल्या चार गुंतवणूकदारांचे सुमारे ३१० कोटी रुपये आले. त्यात नेदरलँड्सची आणि फ्रान्सची विकास वित्तसंस्थाही आहे. वरची शेतकऱ्यांची कंपनी शेतकऱ्यांचीच राहिली. घराचा सातबारा आपल्या नावावर ठेवून दुकानात भागीदार घ्यावा, तसं.

कंपनी उठून गेली तर?

जातात. महिंद्रा आणि फ्रान्सच्या रेनोने २००५ मध्ये संयुक्त कंपनी केली, ५१ आणि ४९ टक्के. लोगान गाडी नाशिकला बनायला लागली, २००७ मध्ये रस्त्यावर आली, अपेक्षेएवढी खपली नाही, २०१० मध्ये रेनोने हिस्सा महिंद्राला विकला. गाडी नंतर व्हेरिटो नावाने चालू राहिली. देशी भागीदार होता म्हणून शेडला टाळं लागलं नाही.

तळेगावला ते जमलं नाही. जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबवलं. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला, पण घेतला तो जमीन, इमारत आणि यंत्रं. हजाराच्या वर कामगारांचा वाद मागे राहिला.

कोस्टा रिकातून इंटेलने २०१४ मध्ये चिप जोडणीचं काम हलवलं तेव्हा तिथेही रडारड झाली. पण तोवर इंजिनीअर तयार झाले होते, कॉलेजांनी अभ्यासक्रम बदलले होते. पुढे वैद्यकीय उपकरणं ही त्या देशाची मोठी निर्यात झाली.

सामंजस्य करार झाला म्हणजे कारखाना आला असं समजायचं का?

साखरपुडा झाला म्हणजे बारसं ठरवायचं का? वेदांत-फॉक्सकॉनचा चिप बनवण्याचा प्रकल्प २०२२ मध्ये महाराष्ट्रातून गुजरातला गेला म्हणून आपल्याकडे केवढं रान उठलं. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनच त्यातून बाहेर पडली.

आणि पक्का करारही घातक असू शकतो. अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाची वीज घेण्याचा करार राज्य वीज मंडळाने केला. भाव डॉलर आणि इंधनाच्या दराला बांधलेला, वीज घेतली नाही तरी ठरावीक रक्कम द्यायची. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणंच थांबवलं.

प्रदूषणाचं काय?

भोपाळच्या कारखान्यात अमेरिकेच्या युनियन कार्बाइडचा हिस्सा ५०.९ टक्के होता. डिसेंबर १९८४ ची ती विषारी वायुगळतीची रात्र, आणि १९८९ मध्ये तडजोड ४७ कोटी डॉलरची. मालकी निम्म्याहून जास्त असताना जबाबदारी कुणाची यावर वर्षानुवर्षं वाद चालू शकतो, हे त्यातून दिसलं. आपल्याकडचा रोजचा प्रश्न पाण्याचा. गंगापूर धरणाचं पाणी शहराला, शेतीला, उद्योगाला, शिवाय खालच्या जायकवाडी धरणासाठीही सोडायचं. पाणी पिणारा उद्योग येत असेल तर भांडवल कुठल्या देशाचं याआधी दिवसाला किती लिटर हे विचारा.

कंपन्या शाळांना बेंच देतात, टाक्या बांधतात. तोच सामाजिक विकास ना?

तो सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावाच लागतो. बेंच घ्या, आभार माना. गावाची ग्रामपंचायत त्याच कंपनीकडून कर नीट वसूल करते का, तेही बघा.

व्हिएतनाम पुढे गेलं, आपण का नाही?

१९८६ मध्ये त्यांनी दारं उघडली, २००८ पासून सॅमसंग तिथे वाढत गेली. आज त्या देशाच्या निर्यातीतला ७० टक्क्यांच्या आसपास वाटा परकीय मालकीच्या कंपन्यांचा आहे. बंदर, वीज, परवाना, सगळं चटकन मिळतं हे शिकण्यासारखं. पण तिथेही तक्रार तीच, सुटे भाग बाहेरून येतात आणि गावातला लेथवाला बाहेरच उभा राहतो. त्या बाबतीत अंबड त्यांच्या पुढे आहे, असं मला हिशेबाच्या वह्या बघून वाटतं.

परीक्षेसाठी किती लक्षात ठेवायचं?

१९७३ चा फेरा, म्हणजे परकीय चलन नियमन कायदा. त्याच्या ४० टक्क्यांच्या अटीमुळे कोका-कोला आणि आयबीएम गेल्या. १९९१ चं उदारीकरण. फेराच्या जागी १९९९ चा फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा, लागू २०००. परकीय गुंतवणूक प्रोत्साहन मंडळ २०१७ मध्ये बंद. एप्रिल २०२० मध्ये भूसीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाली. लॉटरी, जुगार, चिटफंड, सिगारेट बनवणं यांत बंदी. बस.

माझ्या मुलाला परदेशी कंपनीत 'लागलं' आहे. घालू का?

हा प्रश्न गेल्या महिन्यात पवननगरच्या एका ताईंनी विचारला. त्यांना म्हटलं, नेमणूक पत्र आणा. वर कंपनीचं नाव ठळक, खाली सही-शिक्का एका मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचा. अकरा महिने, ट्रेनी. पीएफचा उल्लेख नाही. पण काम टूलरूममध्ये, ग्राइंडिंगवर. मी सांगितलं, पीएफचं लेखी मागा, आणि ग्राइंडिंग खरंच शिकवत असतील तर अकरा महिने घालवू द्या. पॅकिंगला लावलं तर तिसऱ्या महिन्यात काढून आणा. काल ताई भेटल्या. पोरगा सध्या पॅकिंगला आहे, दुसरा महिना चालू.